लोलक पुढच्या सीटवर

रोझेनटाल, १८ सप्टेंबर

प्रिय रेजिना,

त्या उन्हाळ्यात आपण दोघी मोटरहोमच्या चिमुकल्या ओट्यापाशी उभ्या राहून बटाटे सोलत होतो, आठवतं? बाहेर गवतात अलॉइस पोटावर पडून कार्लाच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरला एक फळी जोडत होता. फळीला मधोमध दोन चाकं आणि वर एक दगड. दगड मागच्या टोकाला ठेवून ट्रॅक्टर उतारावर सोडला, की फळी शेपटीसारखे फटके मारायची आणि शेवटी ट्रॅक्टरलाच उलटवायची. दगड चाकांच्या जरा पुढे ठेवला, की गुमान मागून यायची.

"बघताय ना, मेहुणीबाई?" तो मला म्हणाला. "ओझं कुठे ठेवायचं एवढं कळलं की झालं."

तू खिडकीतून बटाट्याची सालं त्याच्या टोपीवर टाकलीस. "तिला कशाला शिकवतोस? टिली जन्मात काही ओढायची नाही. तिची जागा मागच्या बाकावर, हातात जपमाळ घेऊन."

किती हसलो होतो आपण. मला राग आला नव्हता. मागचा बाक मला आवडायचा. तिथून तुम्हा दोघांच्या माना दिसायच्या.

तर आता खाली बस आणि मग पुढचं वाच. मी उद्या सकाळी निघते आहे, तुझी मोटरहोम घेऊन. मागे अलॉइसचा ट्रेलर, आणि ट्रेलरमध्ये आपल्या चर्चची घंटा.

दोन वर्षांपूर्वी तू गाडीची किल्ली माझ्या टपालपेटीत टाकलीस आणि दार न वाजवता कार्लाकडे वायोमिंगला निघून गेलीस. तेव्हापासून आपली म्हातारी माझ्याच शेडमध्ये आहे. मी अधूनमधून तिचं इंजिन चालू करत आले. चाळिशी उलटली तिची, पण नारिंगी पट्टे अजून तसेच आहेत, आणि ओट्यावरच्या फळीवर तुझी शहाजिऱ्याची बाटलीही आहे. मी ती हलवलेली नाही.

चर्चची इमारत विकली गेली. घेणाऱ्याला घंटा हॉटेलच्या बागेत उलटी मांडून तिच्यात फुलं लावायची होती. मी ज्याला त्याला भेटले, विनवण्या केल्या आणि घंटा मागून घेतली. रीतसर परवानगी आहे. हे वाचून तू कसं नाक मुरडशील ते मला इथून दिसतंय. कार्ला म्हणाली होती की तुमच्या तिथल्या चर्चचा मनोरा रिकामाच आहे, फादर घंटेच्या आवाजाची रेकॉर्ड लावतात. म्हणून आणते आहे. तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, फोन घेतला नाहीस, पण 'नको' असंही म्हणाली नाहीस. मी माझ्या सोयीचा अर्थ काढला.

काल विली फेटरने ट्रॅक्टरने घंटा उचलून ट्रेलरमध्ये ठेवली. अगदी पुढे, भिंतीला टेकवून. ट्रेलर जोडला तर म्हातारीचं बूड खाली बसलं आणि तोंड वर झालं.

"अरे देवा, टिली," विली ओरडला, "तुझी गाडी स्वर्गाकडे बघतेय!"

मी चालवून पाहिली. तुला ठाऊकच आहे, हिची ताकद पुढच्या चाकांत. तीच उचलली गेलेली, त्यात रात्री पाऊस झालेला. चर्चच्या आवारातल्या खडीवर चाकं नुसती गरगरली. सगळं गाव बघत होतं. सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं थुंकत प्रत्येकजण सल्ला देत होता. मी म्हटलं, मागे सरकवा. मागे सरकवल्यावर म्हातारी सरळ झाली आणि चढ सुरेख चढली. आता टेबलासारखी सपाट दिसते.

विली म्हणाला, "अलॉइस असता तर काय म्हणाला असता?"

"असता तर तोच चालवत असता," मी म्हटलं. विली ट्रॅक्टरकडे वळला.

तो गेला तेव्हाच्या गोष्टीबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. तू सगळं जाणतेसच. पण चर्चची किल्ली अजून माझ्याकडे आहे. विकणाऱ्यांनी कुलूप बदललं आणि जुनी किल्ली कुणी मागितलीच नाही.

तुझी,
टिली


बेल फूश, २० सप्टेंबर

प्रिय रेजिना,

मी ठीक आहे. आधी हे लिहिते, कारण पुढचं वाचताना तुझा चेहरा कसा होईल ते माहीत आहे.

कालचा दिवस छान गेला. हळू चालवलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, मी वाजवू दिले. आज दुपारी मात्र एका लांब उतारावर गवताचे भारे लादलेला ट्रक शेजारून पुढे गेला, त्याचा वारा लागला आणि ट्रेलरने शेपूट हलवलं. मला वाटलं, थांबेल. दुसऱ्यांदा हललं ते जास्त. मग म्हातारीचं मागचं अंग त्याच्याबरोबर फेकलं जाऊ लागलं. मी डावीकडे वळवायला जावं तर ते उजवीकडे. समोरचा रस्ता खिडकीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जात होता.

आणि रेजिना, घंटा वाजली.

घंटेच्या आतला लोलक काढून ठेवायला हवा होता, तेवढं मला सुचलं नाही. मी तो कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधला होता. दोरी तुटली. दोन वर्षांत जी वाजली नव्हती ती घंटा भर रस्त्यात माझ्या पाठीमागे, बंद ट्रेलरमध्ये वाजायला लागली. ठोक्याला ठोका लागत नव्हता, एक मोठा, एक अर्धवट. गावात कुणी गेलं की ती वाजायची तशी नाही. कुणीतरी आतून दार बडवत असावं तशी.

माझा पाय ब्रेककडे निघाला होता. तेवढ्यात तुझा आवाज आठवला. अलॉइसचा नाही, तुझा. तू शिकत होतीस तेव्हा स्वतःलाच ओरडून सांगायचीस, "पाय वर! पाय वर! मूठ दाब!" मी दोन्ही पाय उचलले, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डॅशबोर्डखालची ती छोटी मूठ दाबली. म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. त्याने मागून ओढून धरलं, शेपूट ताणलं गेलं आणि हळूहळू सगळं सरळ झालं. मी कडेला घेऊन थांबले. घंटा अजून थोडी गुणगुणत होती.

दगड मागच्या टोकाला ठेवला होता मी. खिडकीत उभी राहून, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असून. गाव हसलं म्हणून मी तो मागे ठेवला.

संध्याकाळी इथल्या तळावर शेजारी नेब्रास्काचं एक जोडपं भेटलं, ऑर्विल आणि नेव्हा. त्यांची गाडीही आपल्या म्हातारीच्याच वयाची. मी आत शिरताना ट्रेलर एका खळग्यात आपटला आणि घंटेने एक ठोका दिला. ऑर्विल खुर्चीतून उठलाच.

"बाई, आत देव कोंडलाय की चोर?"

"ऑर्विल, तोंड आवर," नेव्हा म्हणाली आणि मला कॉफी दिली.

उद्या ते दोघं मला घंटा पुढे सरकवायला मदत करणार आहेत. लोलक मी आत्ताच काढला. मला वाटलं होतं त्याहून तो जड आहे. उचलून आणताना कडेवर मूल घेतल्यासारखा घ्यावा लागला. कुठे ठेवावा कळेना, म्हणून पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. पुढच्या चाकांवर तेवढंच वजन.

आता लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

अलॉइस गेल्यावर तू आलीस तेव्हा मी कुखनचा केक भाजत होते, प्रून घातलेला, अलॉइसला आवडायचा तसाच. तुमच्याकडेच आणणार होते. तुझ्या बुटांना बर्फ होता आणि तू दारातच उभी राहिलीस. "किल्ली दे, टिली. त्याच्यासाठी वाजवते आणि लगेच परत आणून देते." तीस वर्षं गावात गेलेल्या प्रत्येकासाठी घंटेचा दोर त्याने ओढला. बाईसाठी आधी दोन, पुरुषासाठी आधी तीन, मग वयाची वर्षं. लोक हातातलं काम टाकून अंगणात येत आणि मोजत. आईच्या वेळी त्याने हातमोजे काढून दोर धरला होता, उणे तीसमध्ये, कारण हातमोजे घातले की दोर नीट कळत नाही असं तो म्हणायचा. तो गेला तेव्हा बिशपांनी चर्च बंद करून कुलूप लावलं होतं, आणि कुलपाची किल्ली सांभाळायला माझ्याकडे होती.

मी म्हणाले, मनोरा मोडकळीला आलाय, वर जायला मनाई आहे. मी म्हणाले, सोमवारी बिशपांच्या कार्यालयात फोन करते. सोमवारी! शनिवारी तर दफन होतं.

तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "फीत मिळेल हं तुला."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॅनिसिया आज्ञाधारक मुलीला निळी फीत द्यायच्या. ती मला दर वर्षी मिळाली, तुला कधीच नाही. तू मला त्यावरून पन्नास वर्षं चिडवलंस, आणि दर वेळी मी हसले, त्या दिवसापर्यंत. फीत अजून माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे, खूण म्हणून.

कुखन मी त्या रात्री एकटीने खाल्ला, रेजिना. पूर्ण. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, पापनिवेदनातही नाही.

टिली


बेल फूश, २१ सप्टेंबर

प्रिय रेजिना,

आज दुपारी कार्लाचा फोन आला.

"मावशी, कुठे आहेस तू? आईला तुझं पहिलं पत्र आलं."

"वाचलं?"

"उघडलं. मग अंगणात गेली. मग परत येऊन पुन्हा उघडलं. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. आत्ता जेवताना म्हणाली, 'त्या बाईला फोन कर. तिला सांग, दांडे लाव.' मी म्हटलं, कोणते दांडे? तर म्हणाली, 'तिला सांग. कळेल तिला.'"

मला नाही कळलं. मी फोन ठेवून बराच वेळ 'त्या बाईला' या दोन शब्दांवरच अडकले होते. कुणा परक्या बाईबद्दल असल्यासारखी बोलतेस. पण तरी बोललीस.

ऑर्विलला विचारलं तर त्याने कपाळावर हात मारला. "दांडे लावलेच नाहीत? अहो बाई, पुढची चाकं ओढणारी गाडी, मागे एवढं धूड, आणि दांडे नाहीत? मग देवच होता आत, चोर नव्हता."

आम्ही गाडीभर शोधलं. जेवायच्या बाकाखाली सापडले, जुन्या रजईत गुंडाळलेले. रेजिना, मी त्यांना तंबूचे खांब समजत होते! इतकी वर्षं त्या बाकावर बसून सूप प्यायले आणि ते माझ्या पायांखाली होते. ऑर्विलने जोडाला अडकवून दाखवले. स्प्रिंगचे दांडे साखळीने ताणले, की म्हातारीच्या पाठीवर बसलेलं ओझं उचललं जाऊन पुढच्या चाकांपर्यंत वाटलं जातं. मग घंटा पुढे ठेवूनही तोंड वर होत नाही. गाव उगाच हसलं आणि मी उगाच घाबरले. पुढे जड, मागे जड यांत मला निवडच करायची नव्हती.

साखळीची कुठली कडी अडकवायची याची चर्चा नवरा-बायकोत सुरू झाली. ऑर्विल म्हणे ही, नेव्हा म्हणे ती.

"तुला काय कळतंय? तू फक्त नकाशा धर."

"मी नकाशा धरला म्हणून तू अजून नेब्रास्कातच गोल फिरत नाहीयेस."

मी खाली वाकून साखळी पुसली. एका कडीवर लाल रंग होता. अलॉइसने लावून ठेवलेला. तुझ्यासाठी असणार, कारण तू नेहमी विसरायचीस. मी त्या कडीवर बोट ठेवलं आणि ऑर्विलने तीच अडकवली.

घंटा आता चाकांच्या जरा पुढे आहे, चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली. आम्ही रस्त्यावर फेरी मारून आलो. म्हातारी परत तुझ्या हातात असायची तशी चालते.

एक गोष्ट सापडली नाही. अलॉइसचं लाल फडकं. चाकांमागे ओंडके लावले की तो ते स्टिअरिंगला बांधायचा आणि ओंडके काढल्याशिवाय सोडायचा नाही. उंदरांनी नेलं असावं. मी माझी निळी फीत बांधली. तिला निदान एक काम मिळालं.

टिली


बफलो, २५ सप्टेंबर

प्रिय रेजिना,

बिगहॉर्नचा डोंगर माझ्या खिडकीत आहे. त्याच्या पलीकडे तू.

तीन दिवस झाले, मी इथेच आहे. म्हणायला वाऱ्यामुळे. वारा काल सकाळीच पडला.

कार्लाला मी फोन केला होता. ती म्हणाली, "आईने विचारलं, लोलक काढलास का. मी म्हटलं, दुसऱ्या पत्रात लिहिलंय की, पट्टा लावून बसवलाय. तर हसू दाबल्यासारखं केलं तिने. मावशी, तू खिंडीतून येऊ नकोस. खाली दरीतला रस्ता वाईट आहे. माझ्या नवऱ्याचा ट्रक आहे, तो येईल ना घ्यायला."

मी म्हटलं, "नको. मी आणते."

"कशाला हट्ट?"

"मीच आणायला हवी."

फोन ठेवल्यावर मला सिस्टर कॅनिसिया आठवल्या. चूक झाली की त्या म्हणायच्या, प्रायश्चित्त स्वतःच्या गुडघ्यांनी करायचं असतं, दुसऱ्याच्या नाही. तू एकदा मधेच विचारलंस, "सिस्टर, पण ज्याचं नुकसान झालं त्याला तुमच्या गुडघ्यांचा काय उपयोग?" आणि तुला बाहेर उभं केलं. मी आत फीत लावून बसले होते आणि मनातल्या मनात तुझ्यासाठी प्रार्थना करत होते, अशी आगाऊ बहीण का दिलीस म्हणून.

मला तुझ्या दारासमोर गाडी थांबवायची आहे. तू पडदा बाजूला करशील. मी धुळीने माखलेली असेन. मी नुसतं ट्रेलरचं दार उघडेन. हे चित्र मी इतक्या वेळा रंगवलंय की त्यात तू काय करतेस ते दर वेळी विसरते. फक्त मीच दिसते.

उद्या घाट चढते. आज हॉटेलात आपलं पिठाच्या गोळ्यांचं नेफ्ला सूप विचारलं तर मुलीने तोंड वाकडं केलं. आपल्या जर्मन लोकांचं इथे काही चालत नाही.

टिली


तळ्याकाठचं लॉज, बिगहॉर्न, २६ सप्टेंबर

प्रिय रेजिना,

मी खिंड ओलांडली. आणि इथे थांबले.

चढ नीट झाला. म्हातारी धापा टाकत होती, पण पुढची चाकं धरून होती. माथ्यावर बर्फाचे तुकडे होते. मी लोलकाला म्हटलं, बघ, आलो. मग उतार लागला. माथ्यापासून या तळ्यापर्यंतचा उतार काही खरा उतार नाही, असं इथले लोक म्हणतात. खरा पुढे आहे, टेन स्लीपच्या दरीत, वळणांचा. मी खालच्या गिअरमध्ये टाकायला उशीर केला. गिअर उताराच्या आधी पाडायचा असतो, उतार लागल्यावर नाही, हे तू मला शंभरदा सांगितलं असशील. मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिले. आधी जळका वास आला. मग पॅडल मऊ लागायला लागलं, भिजलेल्या पावासारखं. मूठ दाबत, रडत, "हे मेरी, हे मेरी" करत मी लॉजच्या आवारात शिरले. चाकांमधून धूर येत होता.

लॉजची मालकीण, मर्ना नावाची, बादली घेऊन धावत आली. तिला थांबवून मी म्हटलं, पाणी टाकू नका, तापलेलं लोखंड तडकेल. हे मला कसं माहीत होतं? अलॉइस म्हणाला असणार कधीतरी, मी मागच्या बाकावर बसून जपमाळ ओढत असताना.

धूर गेला. दोन तासांनी पॅडल परत टणक झालं. मर्नाने कॉफी दिली आणि म्हणाली, "आता हळू गेलात तर जाल हो खाली. पुष्कळ जण जातात."

मी चढून सीटवर बसले. फीत सोडली. किल्ली फिरवली. तुझं घर इथून तासाभराच्या वाटेवर आहे. एक तास, आणि माझं ते चित्र.

मग मी लोलकाकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्या चित्रात तू दिसलीस. पडद्याआड नाही. स्वयंपाकघरात, फोन कानाला, आणि पलीकडून कुणीतरी तुला सांगतंय की एक जुनी गाडी दरीत गेली. आत एक म्हातारी होती आणि एक घंटा. अलॉइससाठी न वाजलेली घंटा आणि तिच्याखाली मी. मग तुला जन्मभर मला माफ करावं लागलं असतं. हवं की नको हे विचारायलाही कुणी उरलं नसतं. ते काही प्रायश्चित्त झालं नसतं, रेजिना. तो माझा तुझ्यावरचा आणखी एक वार झाला असता.

मी इंजिन बंद केलं. ओंडके लावले. फीत पुन्हा बांधली.

तर हे बघ, गंमत आहे. दोन वर्षांपूर्वी मी नियम पाळला आणि तुला दारातून परत पाठवलं. आजही मी नियमच पाळते आहे. अलॉइसचा. ब्रेक एकदा ढिले पडले की त्या दिवशी उतार नाही. तुला वाटेल, ही बाई काही बदलली नाही. असेलही. पण त्या वेळी मी कुणाची आज्ञा पाळते हे बघितलं होतं, कुणासाठी हे बघितलं नव्हतं.

लॉजमध्ये फोन आहे. मी केला नाही. फोन तू कार्लाच्या हातात देतेस. हे पत्र पाववाला उद्या सकाळी खाली आणेल, मर्नाने त्याला तुझं घर समजावलंय. पत्र तरी तुला हातात धरावं लागेल.

कार्लाच्या नवऱ्याला ट्रक घेऊन पाठव. मी नको म्हणाले होते, तो माझा ताठा होता. ट्रेलर त्याने न्यावा आणि पुढे त्यानेच ठेवावा. अलॉइसचा होता, जावयाकडे राहू दे. साखळी लाल कडीतच अडकवायला सांग, त्याला कितीही वाटलं की दुसरी बरी. घंटा तुमच्या चर्चला द्यायची, फादरना मी लिहिलंय, पण मनोऱ्यात चढायच्या आधी ती एक दिवस तुझ्या अंगणात राहू दे. फादर नाही म्हणाले तर त्यांना म्हणावं, ही अट नाही, विनंती आहे, आणि तरीही नाही म्हणाले तर तू नेहमी करतेस तेच कर.

मोटरहोम तुझीच आहे, मी फक्त राखली. तुला चालवायची नसेल तर कार्लाला दे, पण ब्रेक आधी पूर्ण बदलून घ्यायचे. शहाजिऱ्याची बाटली फळीवर आहे. ती फेकू नकोस, निदान मी गेल्यावर फेक. दांडे गुंडाळायची रजई आईने शिवलेली आहे हे मला आत्ता नीट बघताना कळलं. तिला ग्रीस लागलंय. ती मात्र मला हवी, तू देशील तर.

चर्चची किल्ली या पाकिटातच आहे. तिने आता कुठलंच दार उघडत नाही. तरी ती तुला. तुला दिली नव्हती म्हणून.

लोलक कुणालाच देऊ नको म्हणून सांगितलंय मी मर्नाला. तो तू स्वतः घ्यायचा, स्वतः बसवायचा. आधी तीन ठोके, मग एकोणसत्तर. मोजायचे तू. लोक विचारतील कोण गेलं, तर सांग, उशिरा कळवतोय. दोर ओढायला तुझे खांदे दुखतील. मला बोलावलंस तर अर्धे मी ओढेन. नाही बोलावलंस तर मी इथून बफलोला परत जाईन, तिथून बसने घरी, आणि त्याबद्दल कधी काही लिहिणार नाही. माझी पाळी येईल तेव्हा आधी दोन.

मर्नाची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. खिडकीतून मला म्हातारीचं नाक दिसतं. आज ते सरळ आहे, जमिनीकडे.

ट्रक घेऊन कोणीही आलं तरी त्यांना एक सांग. स्टिअरिंगला निळी फीत बांधलेली आहे. ती आहे तोवर चाकांमागे ओंडके आहेत. बाकी सगळं त्यांनी करावं, साखळ्या, दांडे, पट्टे.

पण फीत तू येऊन सोड.

टिली